खोकली

सिलिंडरच्या जाळीमागे, सिडकोच्या भिंतीला
जिथे ओल कायमची मुक्कामाला असते, तिथून
मी तिला उपटली तेव्हा नाव माहीत नव्हतं.
काटकुळा देठ, हिरव्या पेल्यांची उतरंड,
नुसतं तण.

सिंधू मढवी टोपली उतरवत म्हणाली,
"आगो, खोकली हाय ती. उपटून तशीच टाकलीस?
आता आख्ख्या गोठिवलीची मांजरा येतील."

आख्ख्या गोठिवलीची नाही, चार आली.
पहिला सरपंच. कान फाटका, झोप ट्रान्सफॉर्मरखाली,
गेल्या दिवाळीत याने कुत्र्याला गटारात उतरवलं होतं.
मुळीला नाक लावून तो थांबला,
पत्ता विचारायला आल्यासारखा.
मग गाल घासला, मग मान,
मग सगळाच्या सगळा कलंडला,
पोट वर, हनुवटीवर लाळ,
मागचे पाय हवेत सायकल मारत.
पिवळीने मुळी छातीशी कवटाळली
आणि स्वतःच्या शेपटीकडे असं पाहिलं
की ही कोण, कधी आली?
पिवळीच्या पिल्लाला काहीच कळलं नाही.
अजून वय नाही त्याचं.
ते त्या शेपटीवर झडप घालत राहिलं.

दहा मिनिटं. फार तर पंधरा.
सरपंच उठला, अंग झटकलं,
पंजा चाटला, आणि मुळी ओलांडून गेला.
तासभर तरी ती त्याला आता साधी मुळी.

बावीस वर्षं मी रबाळ्याच्या एमआयडीसीत
सुगंधाच्या कारखान्यात नाक गहाण ठेवलं.
कागदी पट्ट्या, बाटल्यांवर आकडे,
मोगरा क्रमांक सात,
अगरबत्तीचं चंदन, ज्यात चंदन नसतं.
म्हणून रात्री वाचत बसले, भात निवत गेला.

हे पोटातून चढत नाही, नाकातून चढतं.
परदेशात एक पुदिन्याच्या जातीचं झाड आहे,
त्यातल्या रेणूच्या भावकीतले रेणू हिच्या मुळात.
झाडांचं कूळ निराळं, किल्ली तीच.
ती नाकातल्या कुलपात फिरते
आणि मेंदू स्वतःची अफू स्वतःलाच वाढतो.
एंडॉर्फिन. आपल्यातही झिरपतं ते,
कळा येताना, पळून दमल्यावर, फार हसल्यावर.
बाहेरून येतो तो फक्त वास,
बाकी सगळं घरचं.
याच वासाने डास पळतात म्हणे.
म्हणजे सरपंचाचं ते लोळणं
नशा असेल, किंवा खाडीकाठच्या माणसाने
संध्याकाळी ओडोमॉस चोपडावं, तसं काही.

कुणीतरी मांजरांना आधी एक औषध टोचून पाहिलं,
अफू जास्त झालेल्या माणसाला जे देतात तेच.
मेंदूतलं ते दार बंद.
मांजरं आली, हुंगलं, आणि लोळली नाहीत.
इथे मी लॅपटॉप मिटला.

चौथी राहिलीच सांगायची. राखी.
ती कालही पंपाच्या पायरीवरून उतरली नव्हती.
आज ताजी मुळी काढून तिच्या नाकाशी धरली.
तिने सभ्यपणे हुंगली, माझ्याकडे पाहिलं.
बरं. पुढे?
तिघांत एखाद्याला ते कुलूपच नसतं जन्मतः,
आईबापांकडून येतं, किंवा येत नाही.

माझं जन्मतः होतं. दोन वर्षांमागच्या तापात गेलं.
आता मी डिस्पॅचला बसते, चलनं फाडते.
मोगरा सात खोक्यात भरला जातो,
मला फक्त खोकं दिसतं.
तर आपण दोघी, असं मी तिला म्हणणारच होते,
शेजारी बसलेही होते पायरीवर,
इतक्यात कोपऱ्यावरून सिंधूची हाळी आली, "जवलाऽऽ",
आणि राखी कान टवकारून, नाक वर करून
सरळ टोपलीकडे निघाली.

म्हणजे नाक शाबूत आहे बाईचं.

मी पायरीवर. बोटांना मुळीची माती.
हुंगून पाहिली.
परत एकदा पाहिली.